मुंग्या, चक्कर आणि तारखेची वाट : निदान होईपर्यंत काय करायचं?

महिन्याच्या बैठकीत वाचण्यासाठी आरोग्याचा पाठ

(एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. पाठ मोठा आहे, म्हणून दोन बैठकांत वाचला तरी चालेल. मात्र भाग २ पहिल्याच बैठकीत वाचून घ्या.)



आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं एक सूत्र आहे. त्याखाली आपण हिमोग्लोबिन, परसबाग, पाळीतली स्वच्छता यावर पुष्कळदा बोललो. या वेळी विषय जरा वेगळा घेतलाय. बैठकांना फिरताना एक तक्रार फार ऐकायला मिळते. "हाताला मुंग्या येतात." "पाय सुन्न पडतो, आपला वाटतच नाही." "उठलं की गरगरतं." दवाखान्यात गेलं की एक तपासणी होते, मग दुसरी लिहून देतात. गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि त्रास मात्र तसाच राहतो. एखाद्या मोठ्या तपासणीची तारीख दीड-दोन महिन्यांनंतरची मिळते.

या मधल्या काळात बाईला कुणी आजारीही धरत नाही आणि ती बरीही नसते. स्वयंपाक, धुणं, गुरं, निंदण सगळं करावं लागतं. रात्री पडल्यावर विचार येतो, मला झालंय तरी काय? लकवा तर नाही ना होणार? माझी पोरं कोण बघेल?

हा पाठ त्या मधल्या काळासाठी आहे. मी समाजकार्य शिकले आहे, डॉक्टर नाही. कोणती गोळी घ्यायची हे इथं सापडणार नाही. पण वाट पाहताना जीव कसा सांभाळायचा, डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं आणि समूहानं कसं पाठीशी राहायचं, एवढं आपण नक्की शिकू शकतो.

भाग १. त्रासाला नेमकं नाव देऊ

आपण चार वेगळ्या गोष्टींना "चक्कर" हा एकच शब्द वापरतो. डॉक्टरांपुढं नुसतं "चक्कर येते" म्हटलं तर त्यांना अंदाज येत नाही. म्हणून आधी वेगळं करून बघू.

गरगरणं : घर, भिंती, छप्पर फिरल्यासारखं वाटतं. अंथरुणात कूस बदलली, वर फळीवरचा डबा काढायला मान उचलली की सुरू होतं आणि मिनिटभरात थांबतं. सोबत मळमळही होते. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारा भाग असतो, त्याच्याशी याचा बहुतेक वेळा संबंध असतो.

अंधारी येणं : बसलेलं असताना उठलं की डोळ्यांपुढं काळं होतं, पडेन की काय असं वाटतं. बसलं की बरं वाटतं. रक्त कमी असणं, पाणी कमी पिणं, उपाशी असणं, बीपी उतरणं अशी कारणं यामागं असतात.

तोल जाणं : डोकं ठीक असतं, पण पाय अडखळतात. अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना जास्त जाणवतं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. इथं पायाच्या नसांचा विचार करावा लागतो.

डोकं हलकं होणं : छातीत धडधडतं, श्वास भराभर चालतो, ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हातपाय गार पडतात. भीती किंवा काळजी दाटून आली की असं होतं.

बधिरपणाचंही तसंच. मुंग्या येणं, स्पर्श न कळणं आणि हातातली ताकद जाणं या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. कुठं होतं तेही महत्त्वाचं. दोन्ही तळपाय मोजे घातल्यासारखे वाटतात का? रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं का? फक्त करंगळीकडची बाजू सुन्न होते का? की अंगावरचा एखादा फिकट चट्टाच बधिर आहे? प्रत्येक उत्तर डॉक्टरांना वेगळ्या दिशेला नेतं.

भाग २. या खुणा दिसल्या तर तारखेची वाट पाहायची नाही

पुढच्या महिन्याची तारीख मिळाली असली तरी खालीलपैकी काहीही झालं तर त्याच क्षणी निघायचं. १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते.

• अचानक तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा वा बधिर पडणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं. हा पक्षाघात असू शकतो. तिला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. एकही गोष्ट नीट जमली नाही तर निघा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सिटी स्कॅन करावा लागतो. म्हणून ती शेवटची ठणठणीत किती वाजता दिसली होती, ती वेळ लिहून घ्या. तोंडात पाणी, चहा, औषध काही घालू नका. दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

• पायापासून सुरू झालेला बधिरपणा किंवा अशक्तपणा काही दिवसांत वर वर चढणं. आधी जुलाब किंवा ताप येऊन गेलेला असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे बरेच रुग्ण आढळले ते आठवत असेल. त्यात नसांवर परिणाम होतो आणि पुढं श्वास घ्यायलाही त्रास होऊ शकतो. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण सुधारतात.

• कंबरदुखीसोबत मांड्यांच्या मधल्या भागाला स्पर्श न कळणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं. लाजेपोटी बायका हे सांगत नाहीत. पण इथं एक दिवसाचा उशीरही महागात पडतो.

• शुद्ध हरपणं, झटका येणं, छातीत दुखणं, दम लागणं.

• आजवर कधी दुखलं नाही असं अचानक डोकं दुखणं, तापासोबत मान आखडणं, डोक्याला मार लागल्यावर चक्कर येणं.

• गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला चक्करसोबत खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढं चमकणं, तोंडावर-हातावर सूज, रक्तस्राव. पाळी चुकलेली असताना पोटात कळ येऊन घेरी येणं.

• फवारणी केल्यावर किंवा फवारलेल्या वावरात काम केल्यावर चक्कर, उलटी, घाम, लाळ, डोळ्यांना अंधुक दिसणं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. तिचे कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचं लेबल सोबत न्या.

ही यादी समूहाच्या इतिवृत्त वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावी.

भाग ३. कारणं काय असू शकतात?

बधिरपणा आणि चक्कर म्हटलं की सगळ्यांच्या मनात मोठा आजार येतो. पण आपल्याकडं नेहमी सापडणारी बरीचशी कारणं साध्या तपासणीत कळणारी आणि बरी होणारी आहेत.

रक्त कमी असणं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे वीस जणी बैठकीला बसल्या असतील तर दहा-अकरा जणींना हा त्रास असू शकतो. पाळीत जास्त रक्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

बी-१२ कमी असणं. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मटण, मासे यांतून मिळतं. पालेभाजीतून मिळत नाही. ज्या घरी दूध डेअरीला जातं आणि बाईच्या वाट्याला काळा चहा येतो, तिथं ते कमी पडू शकतं. तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, जीभ लाल होणं, विसरायला होणं अशी लक्षणं दिसतात. साखरेवरची मेटफॉर्मिनची गोळी किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्येही बी-१२ कमी होऊ शकतं. एक गोष्ट नीट ऐका. लोहाच्या लाल-निळ्या गोळीत फॉलिक अ‍ॅसिडही असतं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड मिळालं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान चालूच राहू शकतं. म्हणून लोहाची गोळी बंद करू नका, पण मुंग्या जात नसतील तर "माझं बी-१२ बघाल का?" असं डॉक्टरांना विचारा.

साखर आणि थायरॉईड. साखर वाढलेली राहिली तर पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली तर ती मधुमेहाची खूण असते. उलट साखरेची गोळी घेऊन वर एकादशी-चतुर्थीचा कडक उपवास केला तर साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, घेरी येते. थायरॉईड कमी काम करत असेल तर थकवा, अंग जड होणं, मुंग्या असा त्रास होतो.

नस दबणं. निंदायला, शेंगा वेचायला आपण तासन्‌तास उकिडव्या बसतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक नस अगदी वरवर असते, ती दबते. मग पायाची वरची बाजू बधिर होते आणि पाऊल उचलताना पुढून लोंबतं. कापूस वेचणं, शिलाई मशीन, पापड लाटणं अशा कामांत मनगटातली नस दबते आणि रात्री बोटांना मुंग्या येतात. मानेतली किंवा कमरेतली नस दबली तर हातात किंवा पायात कळ उतरते.

बीपी आणि कान. बीपी वाढलेलं असो की उतरलेलं, दोन्ही तपासायला हवं. झोपून आणि मग उभं राहून असं दोनदा मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर अंधारी का येते ते कळतं. कूस बदलल्यावर येणाऱ्या गरगरण्यावर डॉक्टर डोकं विशिष्ट प्रकारे वळवून उपचार करतात, आणि बऱ्याच जणींना त्यानंच आराम पडतो.

कुष्ठरोग. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही. हा आजार बरा होतो, त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि उपचार सुरू झाले की तो इतरांना पसरायचा थांबतो. लपवल्यानं मात्र हातापायांत व्यंग येतं. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा आमटे आयुष्यभर या आजाराच्या भीतीशी झगडले. निदान आपल्या समूहात तरी ती भीती नको.

औषधं आणि तंबाखू. बीपीच्या, झोपेच्या, सर्दीच्या काही गोळ्यांनी चक्कर येते. मिश्री, खर्रा, तंबाखू यांनीही येते.

याशिवाय मेंदू आणि मज्जारज्जूचे काही आजार असतात. त्यासाठी एमआरआय, नसांची तपासणी असं लागतं आणि तारखा लांबतात त्या इथंच. लक्षात ठेवा, एक रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ एवढाच की ते एक कारण नाही. तुम्हाला काहीच झालेलं नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि एकाच बाईला दोन कारणंही एकदम असू शकतात.

भाग ४. वाट पाहताना करायची कामं

पहिलं काम : नोंद ठेवा.

आपण समूहाचा हिशोब लिहितो तसाच शरीराचा लिहायचा. शंभर पानी वही पुरे. तारीख, वेळ, काय करत होते, काय झालं, किती वेळ टिकलं, आधी काय खाल्लं होतं, कोणती गोळी घेतली होती, पाळीचा कितवा दिवस. एक नमुना देते :

"मंगळवार, सकाळी ६. चुलीपुढून उठताना. डोळ्यांपुढं अंधारी. बसल्यावर १ मिनिटात बरं. रात्री जेवले नव्हते."

"गुरुवार, रात्री २. झोपेत. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं सुन्न. हात झटकल्यावर ५ मिनिटांत बरं. दिवसभर कापूस वेचला."

लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करा. चक्कर आली तर गोल, मुंग्या आल्या तर आडवी रेघ. महिन्याचं पान डॉक्टरांना दाखवलं की त्यांना पाच मिनिटांत जे कळतं ते आपल्याला अर्ध्या तासात सांगता येत नाही.

दुसरं काम : कागद एका पिशवीत ठेवा.

केसपेपर, रिपोर्ट, एक्स-रे, गोळ्यांची रिकामी पाकिटं तारखेप्रमाणे लावा. गावातल्या दवाखान्यात घेतलेलं "ताकदीचं" लाल इंजेक्शन किंवा सलाईन, वैदूची पुडी, सगळं सांगायचं. बी-१२ ची तपासणी व्हायची असेल आणि त्याआधीच ते लाल इंजेक्शन घेतलं असेल तर रिपोर्ट चांगला दिसू शकतो आणि खरं कारण लपतं. चक्करची गोळीही डॉक्टरांनी दिली तितकेच दिवस घ्यायची, स्वतःच्या मनानं महिनोन्‌महिने नाही.

जाताना तीन प्रश्न लिहून न्या : "तुम्हाला काय शंका आहे? पुढची तपासणी कशासाठी आहे? तोपर्यंत मी काय करू नये?" सोबत एखादी समूहातली ताई असू द्या. एकीचं ऐकायचं राहिलं तर दुसरी ऐकते.

तिसरं काम : घर आणि वावर सुरक्षित करा.

• अंथरुणातून एकदम उठू नका. आधी बसा, पाय खाली सोडून मिनिटभर थांबा, मग उभ्या राहा.

• न्हाणीघराची कडी आतून लावू नका. स्टुलावर बसून आंघोळ करा. हात बधिर असतील तर गरम पाण्याचा अंदाज घरातल्या दुसऱ्या कुणाकडून घ्या.

• चुलीपुढं एकटीनं बसू नका, पदर खोचून घ्या. उकळतं आधण दुसऱ्या कुणाला उतरवू द्या.

• विहीर, शेततळं, नदी, शिडी, माळा, गाडी चालवणं आणि मोटारीचा स्टार्टर या गोष्टी तपासणी होईपर्यंत दुसऱ्यांवर सोडा.

• घरातसुद्धा पायात चप्पल ठेवा. रोज रात्री दोन्ही तळवे बघा किंवा मुलीला बघायला सांगा. बधिर पायात काटा मोडला तरी कळत नाही, जखम चिघळल्यावर कळतं. त्याच कारणानं बधिर भागाला शेक देऊ नका.

• उकिडवं बसायचं काम असेल तर थोड्या थोड्या वेळानं उठून चार पावलं चाला. वेचताना बसायला लहान पाट घ्या.

• रात्री उठायचं तर बॅटरी उशाला असू द्या.

चक्कर आलीच तर जिथं असाल तिथंच खाली बसा, जमलं तर आडव्या व्हा. अंधारी आली असेल तर पाय थोडे उंच ठेवा. शेजारणींनी गर्दी करू नये, हवा येऊ द्यावी. कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाला लावू नका. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका.

चौथं काम : पोट आणि झोप सांभाळा.

सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं ही आपली जुनी सवय. या काळात तरी ती बाजूला ठेवा. सकाळी कामाला लागण्याआधी भाकरीचा तुकडा, एक तांब्या पाणी. जेवणासोबत चहा नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. डाळ, पालेभाजी, वर लिंबू. जमत असेल तर दही किंवा अंडं. उपवास डॉक्टरांना विचारून धरा. चालू असलेली बीपी-साखरेची गोळी मनानं बंद करू नका.

पाचवं काम : मनाकडं बघा.

काय झालंय हे न कळणं हाच एक मोठा ताण असतो. एखाद्या मोठ्या आजाराचं नाव कळलं तरी माणूस तयारीला लागतो, पण नावच नसलं तर मन सगळीकडं धावतं. धावणाऱ्या मनामुळं श्वास वाढतो, श्वास वाढला की मुंग्या वाढतात आणि मुंग्या वाढल्या की भीती आणखी वाढते. हे चक्र तोडायला सोपा उपाय आहे. नाकानं हळू श्वास घ्या, त्याहून हळू सोडा, असं पाच मिनिटं करा. यानं आराम पडला म्हणजे आजार खोटा असं कुणीही समजू नये. त्रास खराच असतो, मनाचा भार त्यावर चढलेला असतो. झोप उडाली, रडू थांबत नाही, जगावंसं वाटत नाही असं झालं तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

भाग ५. "ढोंग करते", "बाहेरचं आहे"

आपल्या एका समूहातल्या ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीनं, नाव न घेता सांगते. वय अडतीस. पाच महिन्यांपासून डाव्या हाताला आणि पायाला मुंग्या, मधूनच तोल जातो. कापूस वेचताना दोनदा पडल्या. हिमोग्लोबिन ९ च्या आसपास निघालं, गोळ्या सुरू झाल्या, साखर बरोबर आली. पण मुंग्या गेल्या नाहीत, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला. त्याची तारीख अजून यायची आहे.

या पाच महिन्यांत त्यांना आजारापेक्षा बोलण्यानं जास्त थकवलं. सासूबाई म्हणाल्या, कामाच्या वेळीच कशी चक्कर येते? मालक म्हणाले, रिपोर्ट तर नॉर्मल आलाय. शेजारणीनं सांगितलं, बाहेरची बाधा आहे, अमावस्येला उतरवून घ्या. आणि समूहातही दोन बैठका चुकल्यावर "हप्ता टाळायला बसलीय" अशी कुजबुज झाली.

त्या मला म्हणाल्या, "ताई, हात तुटला असता तर बरं झालं असतं. निदान दिसला तरी असता."

बधिरपणा आणि चक्कर बाहेरून दिसत नाही. ती सकाळी बरी असते आणि दुपारी उभी राहू शकत नाही. हे खोटेपणाचं लक्षण नाही, कितीतरी आजारांचा स्वभावच असा चढ-उताराचा असतो. घरच्यांशी भांडून उपयोग नाही. त्यापेक्षा नोंदवही दाखवा आणि पुढच्या खेपेला नवऱ्याला किंवा सासूबाईंना डॉक्टरांपुढं सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात मानलं जातं. देवाला नारळ फोडायचा असेल तर फोडा, त्यानं मनाला बळ येत असेल तर चांगलंच. पण अंगारा-उतारा यासाठी तपासणीची तारीख चुकवायची नाही, आणि मारझोड, चटके, उपाशी ठेवणं असले प्रकार कुणी करत असेल तर समूहानं आडवं उभं राहायचं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

भाग ६. समूहानं काय करायचं?

त्या ताईंच्या समूहात पुढं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. अध्यक्षताईंनी बैठकीतच विषय काढला. दोघी जणी त्यांच्या घरी गेल्या. हप्त्यासाठी मुदत वाढवून द्यायचा ठराव इतिवृत्तात लिहिला, म्हणजे नंतर कुणाच्या मनात शंका नको. बैठक काही महिने त्यांच्याच ओट्यावर घ्यायचं ठरलं. पाणी भरायला एकीची मुलगी जाते. आजार अजून कळलेला नाही, पण त्या आता बैठक चुकवत नाहीत.

प्रत्येक समूहाला करता येईल असं :

• बैठकीला सलग दोनदा न आलेल्या ताईच्या घरी जाऊन या. दंड लावण्याआधी विचारपूस.

• तपासणीच्या दिवशी सोबत कोण जाणार याची पाळी लावा.

• प्रवास आणि तपासणीच्या खर्चासाठी अंतर्गत कर्ज प्राधान्यानं द्या. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून मदत मिळते का ते विचारा. सावकाराकडं जायची वेळ येऊ देऊ नका.

• काम वाटून घ्या. शिलाईच्या युनिटमध्ये तिला मशीनऐवजी मोजणी, हिशोब, घडी घालणं द्या. कमाई बंद पडली की बाई आधी स्वतःचाच औषधोपचार बंद करते.

• तिच्या आजाराची चर्चा चावडीवर नको. समूहात बोललेलं समूहात राहावं.

दवाखान्याबद्दल थोडं. गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात. बीपी, साखर, हिमोग्लोबिन तिथंच बघता येतं आणि ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलताही येतं. आशाताईंना सोबत घ्या. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. भरती होऊन उपचार घ्यायची वेळ आली तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा, आणि योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला आधी भेटा. तारीख फार लांबची असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "त्रास वाढतोय, तारीख अलीकडं मिळेल का?" नोंदवही दाखवून विचारलं तर वजन पडतं.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या तीन महिन्यांत आपल्यापैकी कुणाला मुंग्या किंवा चक्करचा त्रास झाला? तो भाग १ मधल्या कोणत्या प्रकारात बसतो?

२. आपल्या गावातून रात्री दवाखान्यात जायचं झालं तर गाडी कोणाची? १०८ ला गावाचा पत्ता नीट कसा सांगायचा? एकीनं सांगून दाखवा.

३. जवळचा सिटी स्कॅन असलेला दवाखाना कोणता? (माहीत नसेल तर पुढच्या बैठकीपर्यंत आशाताईंना विचारून लिहून ठेवा.)

४. बी-१२, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन यांतल्या कोणत्या तपासण्या तुमच्या कधीच झालेल्या नाहीत?

५. आपल्या समूहात कुणी न सांगता सोसत आहे का?

पाचवा प्रश्न मोठ्यानं विचारून सगळ्यांसमोर उत्तर मागू नका. बैठक उठल्यावर, चपला घालताना, हळूच विचारा. खरं उत्तर तेव्हाच मिळतं.

तुमच्या समूहात काय ठरलं ते मासिक अहवालात दोन ओळी लिहून प्रभागाच्या बैठकीला जरूर आणा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक